धाव ते मडगार्ड : आमच्या ज्ञातीच्या हातोडीचा एक प्रवास

प्रत्येक ज्ञातीच्या इतिहासाची साधने दप्तरांतच सापडतात असे नाही. ज्यांच्या हाती लेखणीऐवजी घण होता, त्यांचा इतिहास त्यांनी घडविलेल्या वस्तूंत आणि घडविण्याच्या रीतीत शोधावा लागतो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही जुन्या मोटारीच्या गंजक्या पत्र्याचा विषय घेतला, याचे लोहार ज्ञातिबांधवांनी नवल मानू नये.

आमचे मूळ गाव मुळशी तालुक्यात, पौडच्या पश्चिमेस. बारा बलुतेदारांत आमचे काम ठरलेले असे: नांगराचा फाळ, विळा, कोयता, कुऱ्हाड आणि बैलगाडीच्या चाकाची धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान करावयाची, तापवून फुगवावयाची, लाकडी चाकावर चढवून वर पाणी ओतावयाचे. निवताना लोखंड आक्रसते आणि चाक आवळून धरते. हे तत्त्व पुढे कामास येणार आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

१९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह झाला. तरीही धरण झाले आणि खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. गाव उठले की त्याचे बलुतेही उठते. पुष्कळांनी मुंबईची वाट धरली. त्याच वाटेने पुढे आमचे एक चुलते कुर्ल्यास गेले.

मुंबईत मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. १९२८ साली जनरल मोटर्सने तेथे मोटारींची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी स्थापिली व तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. आरंभीच्या मोटारींचा सांगाडा बहुधा लाकडी असून त्यावर पत्रा ठोकलेला असे. म्हणजे सुतार-लोहारांची जुनीच जोडी. पुढे अजस्र दाबयंत्रांखाली अख्खे दार एका ठोक्यात निघू लागले. परंतु यंत्राने घडविलेले गंजले, म्हणजे दुरुस्तीस हातच लागतो. आणि मुळशीच्या पावसात गंजास काय तोटा!

कारखान्यातून निवृत्त होऊन चुलते गावी परतले, तेव्हा ते जुन्या गाड्यांची कामे घेत. त्यांची रीत आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. गंजका भाग चकचकीत निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून काढावयाचा. वर ठिगळ लावणे त्यांस पाप वाटे, कारण आतील गंज पुढे खातच राहतो. मग जाड कागदाचा फर्मा काढून तो सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यावर आखावयाचा आणि कातरीने कापावयाचा. मडगार्डाची गोलाई हवी असल्यास पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने मध्यभागी ठोकावयाचा. तेथे तो पातळ होऊन ताणला जातो व वाटीसारखा खोल होतो. शेवटी आतून लोखंडी डॉली धरून बाहेरून हलक्या हातोडीने तो गुळगुळीत करावयाचा. ‘डोळा फसतो, तळहात फसत नाही,’ असे ते म्हणत व डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवीत.

फियाट ११०० सारख्या गाडीस वेगळी चौकट नसते. पत्र्याचा सांगाडाच भार वाहतो. म्हणून दाराखालची पट्टी कापण्यापूर्वी गाडीस आधार द्यावा लागतो. अन्यथा सांगाडा वाकतो आणि दारे लागेनाशी होतात.

एकदा चुलत्यांच्या गैरहजेरीत आमच्या धाकट्या बंधूंनी दाराचा नवा पत्रा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग करून जोडला. उष्णतेने पत्रा पापडासारखा फुगला. चुलत्यांनी शब्दही न बोलता फुगीर जागी रुपयाएवढा ठिपका लाल तापविला, आतून डॉली धरून वरून हातोडी मारली आणि ओले फडके दाबले. पत्रा आक्रसला. असे दहा-बारा ठिपके दिल्यावर दार सरळ झाले. मग ते म्हणाले, “धाव चढविताना आजोबा हेच करीत. सांधताना आधी दूर दूर टाके घालावेत. एक इकडे, एक तिकडे.”

चुलते निवर्तले, तेव्हा आम्ही शाळेच्या कामात गढलेले होतो. त्यांच्या हातोड्या, डॉली आणि घरची ऐरण भंगारात किलोच्या भावाने गेली. त्या व्यवहारास आम्ही संमती दिली होती. आयुष्यभर मुलांस इतिहास शिकविला आणि घरातील इतिहास तराजूत घातला, ही टोचणी आजही जात नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून अखेरची पद्मिनी टॅक्सी गेली. आता त्या जातीच्या गाड्या हौशी लोक जपतात आणि हाताने पत्रा घडविणारा कारागीर शोधीत फिरतात. आमची मुले हिंजवडी-पिरंगुटास नोकरीस जातात, याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र ज्या घरी अद्याप ऐरण आहे त्यांनी ती विकू नये आणि ज्या घरी जाणता हात आहे त्याच्याजवळ नातवंडांनी एक सुटी तरी बसावे, एवढीच आमची विनंती आहे. आम्ही बसलो होतो. पण लिहून ठेवावयास फार उशीर केला.