रोलिंग स्टोनचे मुखपृष्ठ : कागद, शाई आणि छायाचित्र

दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ म्हणजे कुंचल्याने रंगविलेली प्रसन्नवदना ललना, हे समीकरण दीनानाथ दलालांच्या पिढीने ज्या मराठी वाचकाच्या मनात पक्के केले, त्यास एखाद्या नियतकालिकाची सारी प्रतिष्ठा पहिल्या पानावरील एकाच छायाचित्रावर अवलंबून असावी, ही गोष्ट काहीशी परकी वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील रॉक संगीताच्या पत्रव्यवसायात मात्र ती घडली. आणि ती घडण्यास कोणा एकाच्या कलादृष्टीइतकेच चालकांचे दारिद्र्य आणि कागदाची जातही कारणीभूत झाली, असे माझे मत आहे.

'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक 9 नोव्हेंबर 1967 या तारखेचा. सॅन फ्रान्सिस्कोतील यान वेनर हा 21 वर्षांचा तरुण आणि त्याच्याहून बरेच वडील असलेले संगीतसमीक्षक राल्फ ग्लीसन या दोघांनी साडेसात हजार डॉलरांचे उसनवारीचे भांडवल उभे करून, एका छापखान्याच्या माडीवर दफ्तर थाटून तो काढला. पहिल्या पानावर शिपायाचे शिरस्त्राण घातलेला जॉन लेनन होता खरा. पण ते छायाचित्र 'हाउ आय वन द वॉर' या चित्रपटातील, म्हणजे आयतेच मिळालेले. शिवाय त्यास पान एकट्याचे लाभले नव्हते. माँटरे येथील संगीतमहोत्सवाचा पैसा कोठे गेला याची चौकशी करणारा मजकूर त्याच पानावर शेजारी बसला होता. वृत्तपत्री कागदाची घडी घालून, टाचणीवाचून वाचकाच्या हाती पडणाऱ्या त्या अंकास मुखपृष्ठ असे नव्हतेच. होते ते बातमीपत्राचे पहिले पान.

पत्राचे पहिले मुख्य छायाचित्रकार बॅरन वूल्मन यांची नेमणूक ज्या करारावर झाली, तो या व्यवसायाच्या इतिहासात जपून ठेवण्याजोगा आहे. वेनर यांनी त्यांना छायाचित्रे काढण्याची विनंती केली आणि त्याच दमात, भांडवलात घालण्यास 10,000 डॉलर आहेत काय, असेही विचारले. पैसे नव्हते, तेव्हा वूल्मन यांनी वेतन न घेता काम करण्याचे कबूल केले, मात्र छायाचित्रांची मालकी आपल्याकडेच राहील, अशी अट घातली. देण्यास रोकड नसलेल्या मालकाने ती आनंदाने मान्य केली असावी. पुढे ज्या मालकीवरून छायाचित्रकार आणि प्रकाशक यांच्यात वकिली पत्रव्यवहार झडू लागला, ती येथे निव्वळ मोबदल्याच्या अभावी हातची गेली.

त्या काळी छपाई काळ्या शाईची, आणि जोडीला अंकागणिक पालटणारा एखादा रंग, एवढीच चैन. ज्या कागदावर शाई पसरते आणि करड्या छटा एकमेकींत मिसळून जातात, तेथे नाजूक छायाप्रकाशाचा उपयोग नाही. ठळक चेहरा, कोरी पार्श्वभूमी आणि सरळ नजर हीच तेथे तगतात. फेब्रुवारी 1969 च्या अंकासाठी वादकांच्या भोवती वावरणाऱ्या तरुणींची जी व्यक्तिचित्रे वूल्मन यांनी टिपली, त्यांतील गंभीर साधेपणा याच शिस्तीतला आहे. ज्या स्त्रियांकडे लोक तुच्छतेने पाहत, त्यांना त्यांनी एखाद्या राजघराण्यातील व्यक्तीइतक्या अदबीने उभे केले.

ॲनी लायबोविट्झ सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असतानाच 1970 मध्ये या पत्राकडे आल्या. लेननची मुलाखत घेण्यास वेनर न्यू यॉर्कला निघाले, तेव्हा आपण विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या तिकिटाने येऊ आणि मित्रमंडळींकडे उतरू, असे सांगून लायबोविट्झबाईंनी आपली वर्णी लावून घेतली. तेथे 105 मिलिमीटरच्या भिंगातून त्या नुसते प्रकाशाचे मापन करीत होत्या. तोच लेननने मान वर करून क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिले आणि त्यांनी कळ दाबली. 21 जानेवारी 1971 च्या अंकावर तीच नजर छापली गेली. तयारीच्या वेळचे छायाचित्र ठरविलेल्या छायाचित्रांवर मात करते, हा अनुभव या धंद्यातील मुरब्बी मंडळींस नवा नाही.

1973 पासून अंक चौरंगी यंत्रावर छापला जाऊ लागला आणि खरी पंचाईत तेव्हा झाली. रंग आले, कागद मात्र वृत्तपत्रीच राहिला. तो शाई पिऊन टाकी आणि सौम्य रंगांचा चिखल होई. कृष्णधवल छायाचित्रणात वाढलेल्या लायबोविट्झबाईंना कृत्रिम प्रकाशयोजना शिकावी लागली. आणि आकृती ठसठशीत हवी, रंग मोजके व प्राथमिकच हवेत, हा धडा त्यांना छापखान्याने दिला. 1979 च्या दोन मुखपृष्ठांकडे या दृष्टीने पाहावे : 'ब्लूज ब्रदर्स' ही जोडी, दोघांचेही चेहरे निळ्या रंगाने माखलेले, आणि गुलाबांच्या शय्येवर पहुडलेली बेट मिडलर. समीक्षकांनी यांत कल्पकतेचा विलास पाहिला आणि तो आहेच. परंतु त्या निळ्या आणि तांबड्या रंगांच्या निवडीत कागदाचाही हुकूम होता.

1980 मध्ये अंक मोठ्या आकाराच्या गुळगुळीत कागदावर गेला. त्याच वर्षी 8 डिसेंबरला लायबोविट्झबाई डकोटा या इमारतीत लेननच्या घरी गेल्या. मुखपृष्ठावर एकटा लेनन असावा अशी दफ्तराची इच्छा. पत्नी योको ओनो सोबत हवीच, हा लेननचा हट्ट. अखेर वस्त्रे उतरवून, अंग मुडपून तो काळ्या पोशाखातील योकोला बिलगला. पोलरॉइडवर घेतलेला चाचणीचा नमुना पाहून, आपले नाते यात नेमके उतरले आहे, असे त्याने म्हटले. त्याच रात्री त्याच इमारतीच्या दाराशी त्याची हत्या झाली. 22 जानेवारी 1981 च्या त्या मुखपृष्ठावर पत्राच्या नावावाचून एकही शब्द घातला गेला नाही. ज्या पानावर तेरा वर्षांपूर्वी महोत्सवाच्या पैशांच्या चौकशीने लेननच्या शेजारी जागा अडविली होती, तेथे आता मथळासुद्धा अनावश्यक ठरला. मांडणीकाराचा हा संयम मला छायाचित्राइतकाच मोलाचा वाटतो.

1983 मध्ये लायबोविट्झबाई 'व्हॅनिटी फेअर'कडे गेल्या. ऑक्टोबर 2008 च्या अखेरीस 'रोलिंग स्टोन'ने आपला ऐसपैस आकार सोडून इतर मासिकांचा रूढ आकार पत्करला. त्याच वर्षी त्याची भारतीय आवृत्ती मुंबईहून निघू लागली. परंतु तोवर कागद, शाई आणि यंत्रे इतकी सुधारली होती, की शाई पिणाऱ्या कागदाशी झगडण्याची सक्ती येथील छायाचित्रकारांच्या वाट्यास आलीच नाही.