नमुना-नाणी आणि प्रजासत्ताकाची पहिली नाणेमाला

नाणे व्यवहारात येते तेव्हा त्यामागील विचारविनिमय दृष्टीआड झालेला असतो. निवडलेले चिन्ह तेवढे लोकांच्या हाती पडते. नाकारलेले चिन्ह राहते ते नमुना-नाण्यांवर. प्रस्तावित नाण्याचा छाप पारखून पाहण्यासाठी टांकसाळीत अशी मोजकीच नाणी पाडली जातात. स्वतंत्र भारताच्या आरंभीच्या नाण्यांचा अभ्यास करताना त्यांची साक्ष महत्त्वाची ठरते.

स्वातंत्र्यानंतर तीन वर्षे जुनीच नाणी चालू होती. १९४७ च्या निकेलच्या रुपयावर एका बाजूस सहाव्या जॉर्जचे मुख व दुसऱ्या बाजूस वाघ होता. १५ ऑगस्ट १९५० रोजी नवी नाणेमाला प्रसृत झाली. राजाच्या मुखाच्या जागी सारनाथचे सिंहशीर्ष आले. रुपया, अर्धा रुपया व पाव रुपया यांवर धान्याची कणसे, दोन आणे, एक आणा व अर्धा आणा यांवर बैल, तर पैशावर घोडा आला. परंतु १९४९ सालच्या काही नमुना-नाण्यांवर एका बाजूस सिंहशीर्ष व दुसऱ्या बाजूस मोर आढळतो. म्हणजे कणसांखेरीज अन्य चिन्हाचाही विचार झाला होता.

नोटांच्या बाबतीतही असेच घडले. राजाच्या चित्राऐवजी महात्मा गांधींचे चित्र घालावे असा प्रथम विचार होऊन तशी रेखाटनेही तयार झाली; परंतु अखेर सिंहशीर्षच मान्य झाले. गांधीजींची प्रतिमा नाण्यावर आली ती १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने.

वसईजवळील पापडीसारख्या गावी एखाद्या घरच्या जुन्या थैलीत वाघाचा व कणसांचा रुपया शेजारी शेजारी सापडू शकेल. मोराचे नाणे सहसा सापडणार नाही. केवळ त्या दोन रुपयांवरून अनुमान केले, तर झालेला बदल सरळ व अटळ भासेल. त्यातच पापडीपासून जवळच्या भुईगावी १९५६ मध्ये अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा खंड सापडला असल्याने, या परिसरातील अभ्यासकास अशोकाचे चिन्ह तर स्वयंसिद्धच वाटावे. नमुना-नाणी या समजास आवर घालतात.

तथापि त्यांच्याकडून अधिक वदवून घेणेही योग्य नव्हे. मोर राष्ट्रीय पक्षी ठरला तो १९६३ मध्ये. १९४९ च्या मोरास तो अर्थ चिकटविणे हा कालविपर्यास होय. काय विचाराधीन होते, एवढेच नमुना-नाणे सांगते. ते का नाकारले गेले, याचे उत्तर धातूवर नव्हे, तर दप्तरातील कागदांवर शोधले पाहिजे.