चढ, उतार आणि उतारवय

नांदेडला होला मोहल्ल्याचा हल्लाबोल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना धावणे हा केवळ पोरांचा खेळ आहे असे कधी वाटणार नाही. सचखंड गुरुद्वाऱ्याची ती मिरवणूक चालता चालता थबकते, जयघोष होतो आणि उघड्या तलवारी घेतलेले हजारो लोक एकदम धाव घेतात. त्यांत मिसरूड न फुटलेली मुले असतात, तशीच पांढऱ्याशुभ्र दाढीची माणसेही असतात. त्या म्हाताऱ्यांना कोणी वय विचारीत नाही.

आमचा विषय याच्याच आसपासचा आहे. मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. त्याहून लांब पल्ल्याच्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात, आणि ती डोंगरातून असली म्हणजे पन्नास, शंभर, क्वचित दीडशे किलोमीटरांचे चढउतार पायाखाली घालावे लागतात. आपल्याकडेही सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन किल्ल्यांना जोडणारी अशी शर्यत अलीकडच्या काळात सुरू झाली आहे. ती डिसेंबरात होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाने या वाटेला जावे काय, आणि जायचे तर तयारी कशी करावी, हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. तो लातूरच्या मोंढ्यातून आला. ती हकीकत पुढे येईलच. आधी थोडे मागे जाऊ.

लांब पल्ल्याचे धावणे ही आपल्या मुलखात प्रथम नोकरी होती, हौस नव्हती. मराठेशाहीच्या कागदपत्रांत जासूद आणि कासीद पदोपदी भेटतात. पत्र नेणारी ही माणसे पुष्कळदा जोडीने धाडीत. एक वाटेत पडला तर दुसऱ्याने पुढे जावे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. नानासाहेब पेशव्यांना तिची खबर भेलसे मुक्कामी २४ जानेवारीच्या सुमारास लागली, आणि तीही सावकारांचे पत्र घेऊन निघालेल्या एका कासिदाकडून, असे इतिहासकार सांगतात. पानिपतपासून भेलसे, म्हणजे आजचे विदिशा, सातशे किलोमीटरांहून दूर आहे. दिवसाला सरासरी सत्तर किलोमीटर पडले! पेशव्यांच्या दुःखाविषयी पाने भरून लिहिले गेले. ज्याच्या पायांनी ती बातमी आली, त्याच्या पायांविषयी कोणी ओळ लिहिलेली आमच्या वाचनात नाही.

पुढे इंग्रजी अमलात टपालाचा हरकारा आला. खांद्यावर थैली आणि हातात घुंगरू बांधलेला भाला घेऊन तो धावे. त्याचा टप्पा ठरलेला असे. टप्पा संपला की थैली दुसऱ्याच्या खांद्यावर जाई. सरकारला हरकाऱ्याची दया येत होती म्हणून हे घडत नव्हते. दमलेला माणूस टपाल उशिरा पोचवतो, एवढे सरकारला कळत होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

धावण्याला खेळाची प्रतिष्ठा आपल्याकडे उशिरा आली. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत शेतकरी घरांतले तरुण अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिले, आणि शिकवणारा कोणी नसताना त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या बरोबरीला येतात हे त्यांच्या नजरेला आले. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ गेला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्या वर्षी शर्यतीचे अंतर नेहमीपेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच होते. गिरणीमालकांची स्तुती करण्याची आम्हांला सवय नाही, परंतु दोराबजींच्या त्या नजरेला आम्ही मान देतो. मात्र ही सारी विशी-पंचविशीची मुले होती. उतारवयाचा प्रश्न प्रथम उभा राहिला तो दूर, दक्षिण आफ्रिकेत.

पीटरमॅरित्झबर्ग हे नाव आपल्याला परके नाही. १८९३ च्या जून महिन्यात तरुण गांधींना ज्या स्टेशनावर गाडीतून उतरवून दिले, ते हेच. या गावापासून डर्बनपर्यंत सुमारे ८९ किलोमीटरांचा डोंगराळ रस्ता आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या व्हिक क्लॅपहॅम नावाच्या माणसाने मेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ या रस्त्यावर शर्यत भरवायचे ठरवले. हा माणूस आगगाडीचे इंजिन चालवणारा कामगार होता. पुढाऱ्यांनी आधी त्याला वेड्यात काढले. पण तो मागणी लावून धरत राहिला आणि २४ मे १९२१ रोजी पहिली ‘कॉम्रेड्स’ शर्यत झाली. चौतीस जण निघाले, सोळा पोचले. नावावर जाऊन कोणी हिला लाल बावट्याची शर्यत समजू नये. येथे कॉम्रेड म्हणजे लढाईतला सोबती. शिवाय काळ्या लोकांना आणि स्त्रियांना तिच्यात अधिकृत प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडावे लागले, हेही सांगितले पाहिजे. रॉबर्ट म्त्शाली हा आफ्रिकी धावपटू १९३५ सालीच ते अंतर धावून गेला होता, पण त्याची गणना स्पर्धकांत झाली नाही.

दुसऱ्या वर्षीची, १९२२ ची शर्यत आर्थर न्यूटनने जिंकली. त्याचे वय तेव्हा एकोणचाळीस होते आणि त्याने पळायला सुरुवात करून पाचच महिने झाले होते. तो शेतकरी. जमिनीवरून सरकारशी त्याचे भांडण होते, कोणी दाद देईना, तेव्हा नाव गाजले तर गाऱ्हाणेही ऐकले जाईल अशा हिशेबाने तो धावू लागला. मोर्चे आम्हीही पुष्कळ काढले, पण एकट्याने पळत काढलेला हा मोर्चा आम्हांला नवाच वाटला. त्याची तक्रार गोऱ्या जमीनमालकाची होती आणि तिच्याविषयी आम्हांला आपुलकी नाही. शिकण्यासारखी आहे ती त्याची तयारी. सावकाश पळावे, रोज पळावे, पुष्कळ पळावे, आणि सरावात शर्यत कधी करू नये, असे त्याचे सांगणे होते. पाच वेळा त्याने ही शर्यत जिंकली, शेवटची १९२७ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी.

त्याच शर्यतीत १९३० साली वॉली हेवर्ड नावाचा एकवीस वर्षांचा तरुण पहिला आला. तोच हेवर्ड १९८८ साली, एकोणऐंशी वर्षांचा असताना, पुन्हा उभा राहिला आणि ९ तास ४४ मिनिटांत पोचला. पुढच्या वर्षी ऐंशीव्या वर्षी तो अकरा तासांच्या मुदतीला दोन मिनिटे शिल्लक असताना कसाबसा पोचला.

डोंगराचे म्हणाल, तर आल्प्स पर्वतात माँ ब्लाँ शिखराला फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून वळसा घालणारी शर्यत २००३ पासून होते. सुरुवातीच्या वर्षांत सुमारे १६० किलोमीटर अंतर असे, आणि सगळे चढ एकावर एक रचले तर समुद्रकाठापासून एव्हरेस्टच्या माथ्याजवळ पोचावे इतकी चढण. २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षे ही शर्यत जिंकली इटलीच्या मार्को ओल्मोने, वयाच्या सत्तावन्नाव्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी! दोन्ही वेळा त्याला एकवीस तासांहून थोडा अधिक वेळ लागला. हा माणूस आधी ट्रकचालक, मग सिमेंट कारखान्यातला कामगार, आणि शाकाहारी.

असे होते कसे? शरीरशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. वाचून जे समजले ते सांगतो. तिशीनंतर प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल शक्ती दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटते. सराव चालू ठेवणाऱ्याची घट त्याहून कमी असते. पण ही कमाल शक्ती लागते ती छोट्या, वेगाच्या शर्यतीला. वीस तासांच्या वाटचालीत कोणीच कमाल शक्तीने धावत नाही. तेथे बेताने चालणे, वेळेवर खाणे, चढावर निमूटपणे पावले टाकणे आणि उतारावर न उधळणे हेच उपयोगी पडते, आणि ते वयाने जात नाही. जे जाते ते निराळे. स्नायूंची झीज भरून यायला विशीत एक दिवस पुरत असेल तर पन्नाशीत दोन-तीन लागतात. स्नायूबंध नव्या भाराला फार सावकाश तयार होतात. तहानेची जाणीवही वयाबरोबर बोथट होते. थोडक्यात, वय झालेल्या माणसाची ताकद फारशी कमी पडत नाही. त्याला विश्रांती मात्र जास्त लागते.

आमच्या देशातल्या वडीलधाऱ्यांनी हे जाणले होते. गांधींनी १९३० साली दांडीपर्यंतचे सुमारे ३८५ किलोमीटर चालून काढले तेव्हा ते साठीचे होते; रोजची मजल बेताची होती आणि सोमवारी मुक्काम असे. विनोबा १९५१ साली भूदानासाठी निघाले तेव्हा पंचावन्न वर्षांचे, पोटाच्या दुखण्याने जर्जर. ते १९६४ पर्यंत चालत राहिले. भूदानाने भूमिहीनांचा प्रश्न सुटला असे आम्ही कधी मानले नाही, परंतु त्या चालण्यापुढे आम्ही निरुत्तर आहोत.

आता मोंढ्यातली हकीकत. आमच्या संघटनेत छप्पन्न वर्षांचा एक हमाल आहे. तीस-बत्तीस वर्षे त्याने पोती वाहिली, थप्प्या लावल्या. पन्नाशीनंतर त्याला ‘थकलेला गडी’ म्हणून टोळीत मागे सारू लागले. सह्याद्रीतल्या शर्यतीची माहिती आम्ही एका बैठकीत सहज सांगितली, तेव्हा तो उठून म्हणाला, “भाऊ, मी पळतो. मग बघू कोण थकलंय ते.” आम्हांलाही स्फुरण चढले, आम्ही त्याच्याबरोबर पळू लागलो. पन्नास किलोमीटरांची शर्यत डिसेंबरात, म्हणून सरावाचा भर आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरला. पुस्तकी वेळापत्रक आम्ही जसेच्या तसे उतरवून काढले होते. परंतु दसरा-दिवाळी म्हणजे मोंढ्यात सोयाबीनची आवक! दिवसभर पोती आणि पहाटे पंधरा किलोमीटर असा त्याचा क्रम चालला. विश्रांती घे असे आम्ही एकदाच म्हणालो. त्यावर तो म्हणाला, “भाऊ, पोतं उचलताना कधी कुणी आराम सांगितला नाही, अन् पळायला का सांगायलाव?” आम्ही हसलो. दिवाळीच्या आधी त्याचा गुडघा सुजला, कंबर धरली, आणि ऐन हंगामात तीन आठवडे तो घरी बसला. हमाली पोत्यावर असते. पोते नाही तर पैसा नाही. घरच्यांनी आम्हांला काही म्हटले नाही, चहा दिला. तो चहा आम्हांला अजून आठवतो.

चूक आमची होती, आणि ती कामगार चळवळीतल्या माणसाला शोभणारी नव्हती. शहरातले धावपटू आपली लांब धाव रविवारी काढतात आणि सोमवारी विश्रांती घेतात. हा रविवार आला कोठून? मुंबईच्या गिरण्यांत रविवार नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सहा वर्षे अर्जविनंत्या, सभा केल्या, आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. धावण्याच्या प्रत्येक वेळापत्रकात लोखंड्यांचा रविवार गृहीत धरलेला असतो. आणि आम्ही ते वेळापत्रक ज्याच्या हाती दिले, त्याच्या वाट्याला हंगामात तो रविवार आलेलाच नव्हता. हंगामात हमालाला आठवड्याची भरपगारी सुट्टी असावी, ही मागणी आम्ही त्यानंतर संघटनेत मांडली. ती अजून मान्य झालेली नाही.

सरावाचा क्रम मात्र आम्ही उलटा केला. मोंढ्याची मंदी असते तेव्हा पळणे, हंगामात फक्त चालणे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून तांबडे फुटण्याआधी निघून ऊन चढायच्या आत परत. पावसाळ्यात काळ्या रानातून पळता येत नाही. बुटाला शेरभर चिखल चिकटतो, तेव्हा डांबरी सडक बरी. लातूरकडे मोठे डोंगर नाहीत. उदगीर तालुक्यात देवर्जनजवळचे हत्तीबेट आहे, तेच पुन्हा पुन्हा चढतो-उतरतो. जास्त काळजी उताराची घ्यावी लागते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही तो त्यामुळे. म्हणून पाऊल आखूड, गुडघा किंचित वाकलेला. वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेला, माहूरच्या परिक्रमेला जातो. तेथे नऊवारीतल्या बाया, साठी-सत्तरीच्या, अनवाणी, आम्हांला मागे टाकून जातात. २०१३-१४ च्या हिवाळ्यात बारामतीच्या ज्येष्ठांच्या शर्यतीत लता करे नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी अशाच नऊवारीत, अनवाणी पळून पहिल्या आल्या, तेव्हा वर्तमानपत्रांना आश्चर्य वाटले. माहूरची वाट चढलेल्या कोणालाही ते वाटले नसते.

बरोबर भाकरी, शेंगदाणे, गूळ आणि मीठ घातलेले ताक असते. नुसते पाणी ढोसणेही घातक. घामातून मीठ जाते ते भरून निघत नाही.

तो हमाल आता बरा आहे आणि पुन्हा येतो. शर्यतीला अजून नाव घातलेले नाही. बेटाच्या फेऱ्या मोजायला तो उजव्या खिशात खडे ठेवतो, आणि वर पोचला की एकेक डावीकडे टाकतो. सहा खडे झाले की भाकरी सोडायची, असे ठरलेले आहे. परवा त्याने गुपचूप सातवा घेतला होता. आम्ही तो पायथ्यालाच काढून ठेवायला लावला.