‘पुरे’ या निरोपाचं कूळ

सोयाबीन पेरून चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले, पहिली फुलं दिसू लागली, की धाराशिवच्या शिवारातलं एक झाड खुरप्याने मातीच्या ढेपेसकट उकरावं. ढेप बादलीत बुडवून माती हलकेच सुटू द्यावी. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी-लाल रंग दिसला, तर ती कामाला लागली आहे असं समजावं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच एक नातेवाईक तिथे हा रंग देतो आणि त्याच्या आसऱ्याला राहणारे जिवाणू हवेतलं नत्र पिकाला पुरवतात.

तूर, हरभऱ्याचा बेवड ज्वारीला मानवतो, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याचं कारण हेलरीगल आणि विलफार्थ यांनी १८८६ मध्ये जर्मनीत मांडलं. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंकने गाठीतले जिवाणू वेगळे करून वाढवले. आज पेरणीआधी आपण गूळपाण्यात रायझोबियम कालवून बियाण्याला चोळतो आणि बी सावलीत सुकवतो, ती याच शोधाची देणगी.

पण मातीत जिवाणू अगणित आणि मुळंही भरपूर, मग गाठी मोजक्याच का? कारण गाठ फुकट पोसता येत नाही. नत्राचा एक रेणू फोडायला जिवाणूला ऊर्जेचे किमान १६ एटीपी खर्चावे लागतात आणि त्यासाठीची साखर पानांनी कमवलेली असते. गाठी वाढतच गेल्या तर झाडाला स्वतःसाठी काही उरणार नाही. म्हणून कुणीतरी वेळेवर ‘पुरे’ म्हणावं लागतं.

ते कोण म्हणतं, याचा धागा १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात सापडला. जमिनीत नायट्रेट भरपूर असलं की सोयाबीन गाठी धरत नाही. तरीही धरणारं झाड कॅरोल, मॅकनील आणि ग्रेसहॉफ शोधत होते. त्यांनी ‘ब्रॅग’ वाणाच्या बियाण्यावर रसायनाची प्रक्रिया करून पुढच्या पिढ्या तपासल्या. भारतात सोयाबीन रुजवताना अमेरिकेतून जे वाण आले, त्यांतलंच हे एक. हवी तशी झाडं मिळाली, पण त्यांना थांबणं माहीतच नव्हतं. मुळं गाठींनी लगडली आणि वाढ मागे पडली.

मग कलमं बांधली. बिघडलेल्या झाडाचा शेंडा चांगल्या मुळावर बसवला, तर गाठी बेसुमार आल्या. चांगला शेंडा बिघडलेल्या मुळावर बसवला, तर गाठी बेताच्या. गाठ मातीत येते, पण तिचा हिशेब पानं ठेवतात, हे यातून उघड झालं.

२००३ मध्ये बिघडलेलं जनुक हाती लागलं आणि त्याचं कूळ कळलं. मोहरीच्या नात्यातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपात ‘क्लावाटा’ नावाची जनुकं आधीच सापडली होती. लॅटिनमध्ये ‘क्लावा’ म्हणजे गदा. ही जनुकं बिघडली की रोपाची शेंग टोकाला गदेसारखी फुगते, म्हणून हे नाव. क्लावाटा-३ हे जनुक १९९९ मध्ये ओळखलं गेलं. त्यातून जेमतेम १२-१३ अमिनो आम्लांची साखळी, म्हणजे पेप्टाइड, तयार होते. शेंड्यातल्या पेशी भलत्याच वाढू नयेत, हा निरोप ती देते आणि क्लावाटा-१ तो झेलतं. सोयाबीनमधलं जनुक या क्लावाटा-१ चंच भावंड निघालं.

इन्शुलिनसारखी पेप्टाइड संप्रेरकं ही प्राण्यांचीच मिरास, असा समज फार काळ होता. १९९१ मध्ये टोमॅटोच्या पानांत १८ अमिनो आम्लांचं सिस्टेमिन सापडलं आणि तो मोडला. शेंड्याला आवर घालणाऱ्या घराण्याची एक शाखा द्विदल पिकांत गाठींच्या कारभारावर बसली आहे, हे त्यानंतर उलगडत गेलं. जिवाणू मुळात शिरले की मूळ असंच पेप्टाइड तयार करतं. ते पाण्याच्या नळ्यांतून पानापर्यंत चढतं, हे जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये कमळाच्या नव्हे, तर ‘लोटस’ याच नावाच्या एका द्विदल रोपात दाखवलं. पान ते ओळखतं आणि नव्या गाठी थांबवायचा हुकूम खाली धाडतं.

याच कुळातलं आणखी एक पेप्टाइड सोयाबीनच्या मुळात नायट्रेट वाढल्यावर तयार होतं. ते वर जातच नाही, मुळातल्या मुळात ‘पुरे’ म्हणतं. उभ्या सोयाबीनला युरिया फेकला की गाठी रोडावतात, त्यात या निरोपाचाही हात आहे. आपण विकतचं नत्र ओततो आणि झाड घरचं बंद करतं. दोन्हींचा भार शेतकऱ्याच्याच खिशावर पडतो.

म्हणून युरियाचं पोतं फोडण्याआधी एक झाड उकरावं, मूळ धुवावं, गाठ फोडून पाहावी. आत लाली असेल, तर पोतं तसंच ठेवावं.