शेवटचे वीस सेकंद

स्मरणिकेसाठी ‘खेळाविषयी काहीतरी लिही’ असा निरोप आला तेव्हा अनेकांना वाटलं असेल की हा आता आपल्या ढालींची आणि चषकांची यादी देणार. ती यादी कार्यालयाबाहेरच्या काचेच्या कपाटात आहेच. मला लिहायचं आहे ते बास्केटबॉलमधल्या एका जुन्या भांडणाबद्दल. सामना संपत आलेला, कोच चिडलेला आणि त्याच्यासमोर शिट्टी घेऊन उभा असलेला पंच. या भांडणाला मोठा इतिहास आहे. त्यातलं एक छोटं पान आपल्या शाळेच्या मैदानावर लिहिलं गेलं, आणि ते माझ्या हातून खराब झालं.

२००० सालच्या दहावीच्या बॅचला तो सामना आठवत असेल. आम्ही नववीत होतो. तालुक्याची फायनल आपल्याच सिमेंटच्या कोर्टवर होती, चुन्याच्या रेघा सकाळीच मारलेल्या. यजमान शाळा म्हणून टेबलावर बसायला मुलंही आपलीच. मी संघात राखीवसुद्धा नव्हतो. अक्षर बरं म्हणून पी.टी.च्या सरांनी मला स्कोअरशीट लिहायला बसवलं. बझर नव्हता, म्हणून शाळेची पितळी घंटा टेबलावर आणून ठेवली होती. त्या घंटेकडे मी परत येतोच. आधी थोडं मागे जाऊ.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला, तेव्हा त्यांचे नियम होते फक्त तेरा. त्यात दोन अधिकारी होते. एकाने चेंडूकडे आणि वेळेकडे पाहायचं, दुसऱ्याने माणसांकडे. खेळाडूला बाहेर काढण्याचा अधिकार या माणसांकडे पाहणाऱ्याला होता. त्या तेरा नियमांत कोच कुठेच नाही. पुढे कोच आले आणि त्यांचा आवाजही आला. १९१० च्या सुमारास अमेरिकेत नियमच झाला की सामना चालू असताना बाहेरून कोणी सूचना द्यायच्या नाहीत. पहिल्यांदा ताकीद, नंतर समोरच्या संघाला फ्री थ्रो. टाइम आऊटमध्ये आपल्याच खेळाडूंशी बोलायची परवानगी तिथल्या कोचना मिळायला १९४९ साल उजाडावं लागलं. आज बाजूच्या रेषेवर येरझाऱ्या घालणारा कोच पाहिला की मला हे आठवतं. बोलण्याचा हक्क त्याला उशिरा मिळाला, आणि टेक्निकल फाऊल ही त्या हक्काची कुंपणाची तार आहे.

ही तार किती नाजूक असते ते जगाने १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये पाहिलं. अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ, अंतिम सामना. ९ सप्टेंबरच्या रात्री पावणेबाराला सुरू झालेला. ऑलिंपिकमध्ये अमेरिका तोवर एकही सामना हरली नव्हती. सलग ६३ विजय. तीन सेकंद उरले असताना अमेरिकेच्या डग कॉलिन्सला फ्री थ्रो मिळाले. त्याने दोन्ही टाकले, ५०-४९. पण दुसरा टाकत असतानाच टेबलावरून भोंगा वाजला. सोव्हिएत कोच व्लादिमीर कोंद्राशिन यांचं म्हणणं, आम्ही टाइम आऊट मागितला होता, टेबलाने तो दिला नाही. पंचांनी खेळ चालू ठेवला. सोव्हिएत बाकावरची माणसं टेबलाकडे धावली. त्या गोंधळात ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी एक सेकंद उरला असताना खेळ थांबवला.

बाकावरची माणसं अशी धावून आली तर टेक्निकल फाऊल देता येतो. त्या रात्री तो दिला गेला नाही. आणि मग प्रेक्षकांतून आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स खाली आले आणि घड्याळ तीन सेकंदांवर न्या म्हणाले. सामना चालू असताना असा हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नियमाने नव्हता. घड्याळ नीट लावून व्हायच्या आतच चेंडू टाकला गेला, भोंगा वाजला, अमेरिकेचे खेळाडू नाचू लागले. पुन्हा थांबवलं. तिसऱ्या वेळी इव्हान एदेश्कोने मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू फेकला, अलेक्झांडर बेलोवने तो झेलून बास्केटमध्ये टाकला. ५१-५०. अमेरिकेची तक्रार अपील समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. रिगेत्तोंनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत, ती आजतागायत घेतलेली नाहीत.

या सामन्याबद्दल लोक राजकारण बोलतात, शीतयुद्ध बोलतात. मला त्यात दिसतं ते टेबल. भांडण सुरू झालं ते कोणाच्या धक्क्यावरून नाही, पंचाच्या शिट्टीवरूनही नाही. टाइम आऊट मागितला की नाही, आणि मागितला तर वेळेवर कळवला की नाही, यावरून.

याच्या उलटचं उदाहरणही आहे. १९९३ ची अमेरिकन कॉलेजांची फायनल, मिशिगन विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना. ११ सेकंद उरलेले, मिशिगन ७३-७१ ने मागे. कोपऱ्यात अडकलेल्या क्रिस वेबरने टाइम आऊटची खूण केली. मिशिगनकडे एकही टाइम आऊट शिल्लक नव्हता. नियम स्पष्ट होता: टेक्निकल फाऊल. पंचांनी तो दिला, सामना ७७-७१ असा संपला. हळहळ आजही आहे, पण नियमाबद्दल वाद नाही. कारण हिशेब कागदावर चोख होता आणि निर्णय ज्याचा त्यानेच घेतला.

आता आपल्या कोर्टवर येऊ. वीस सेकंद उरलेले, आपण ३८-३७ ने पुढे, चेंडू त्यांच्याकडे. सर टेबलापाशी आले आणि मला स्पष्ट म्हणाले, “टाइम आऊट.” मी मान हलवली. तेवढ्यात त्यांच्या मुलाने लांबून चेंडू टाकला आणि तो आत गेला. सरांनी तो हातातून सुटण्याआधीच मागितलं होतं, म्हणजे बास्केट झाल्याबरोबर मी घंटा वाजवायला हवी होती. मी पेन घेऊन ३९ वर रेघ मारत बसलो. आपल्या पोरांनी घाईने चेंडू आत टाकला, तो अडवला गेला, आणि तेव्हा मी घंटा वाजवली. उशीर झाला होता.

सर कोर्टवर आले. पंचांनी खेळ थांबवला, हात खाली ठेवून शांतपणे सांगितलं, “सर, रेषेच्या बाहेर.” सर गेले नाहीत. पंचांनी पुन्हा सांगितलं. सर म्हणाले, “तुमचं टेबल झोपलंय!” मग शिट्टी वाजली. टेक्निकल फाऊल. दोन फ्री थ्रो, दोन्ही आत, वर चेंडू त्यांचाच. ४१-३८. शिट्टी देऊन तो पंच पाठ फिरवून पलीकडे निघून गेला आणि दुसरा पंच सरांशी बोलायला आला. आम्हाला वाटलं, घाबरला. सामन्यानंतर आम्ही त्याला काय काय नावं ठेवली ते इथे छापण्यासारखं नाही.

पुढे मी स्वतः जिल्हा पातळीवर आधी टेबल सांभाळलं, मग शिट्टी हातात घेतली. तेव्हा कळलं की तो माणूस घाबरला नव्हता. टेक्निकल देणाऱ्याने तिथे उभं राहून वाद वाढवायचा नाही. दूर जायचं, कोचशी सहकाऱ्याने बोलायचं, हीच पद्धत शिकवतात. प्रश्नाला उत्तर द्यायचं, टोमण्याला नाही. ताकीद आधी, शिट्टी शेवटी. आणि मी आणखी एक सवय लावून घेतली आहे: शेवटच्या दोन मिनिटांत टेबलापाशी जाऊन टाइम आऊट किती उरले ते विचारतो, दोन्ही कोचना बोटांनी दाखवतो. चिडलेला कोच बहुतेक वेळा वेडा नसतो. त्याचं काहीतरी कुठेतरी हरवलेलं असतं, आणि ते बहुधा टेबलावरच असतं.

त्या संध्याकाळी सरांनी सगळ्यांना जिन्यावर बसवलं आणि म्हणाले, “टेक्निकल माझा होता. मॅच मी घालवली.” मग जाऊन त्या पंचाशी हस्तांदोलन करून आले. मी शेवटच्या पायरीवर बसलो होतो, शाईने माखलेली बोटं खिशात घालून. टाइम आऊट कोणी दाबून ठेवला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यामुळे संघातल्या कोणालाच आजवर कळलं नाही.

तर मित्रहो, पंचवीस वर्षं ज्या पंचाला आपण शिव्या दिल्या त्याची त्यात काही चूक नव्हती. सरांचीही फारशी नव्हती. घंटा माझ्या हाताशी होती. मेळाव्याला सर येणार आहेत असं कळलं आहे. हा लेख त्यांनी आधी वाचला तर बरंच. समोर उभं राहून सांगायला मला अजूनही जड जाईल.