अलाहाबादचे जीवाणू

'जीवाणू' म्हटले की आपल्याला दह्याचे विरजण आठवते, नाहीतर रोगजंतू. परंतु १९६० च्या दशकात अलाहाबाद (आजचे प्रयागराज) विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ कृष्ण बहादुर यांनी हा शब्द प्रयोगशाळेत घडवलेल्या कणांना दिला. जीव अधिक अणू, म्हणजे सजीवतेचा कण, हा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ. जीवोत्पत्तीच्या इतिहासातले हे प्रकरण मला फार उद्बोधक वाटते.

रशियातील ओपारिन यांनी १९२४ मध्ये एका पुस्तिकेत मांडले होते की, आदिम पृथ्वीवर साध्या रसायनांतूनच हळूहळू जीव घडला असावा. १९५३ मध्ये शिकागोत स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले मिळवली. विटा तयार होतात हे दिसले. घर कसे उभे राहिले, हा प्रश्न उरला.

बहादुर यांनी फॉर्माल्डिहाइड, अमोनियम मॉलिब्डेट, फॉस्फेट व काही खनिज क्षार यांचे द्रावण उन्हात ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली गोल कण दिसले. ते वाढतात, त्यांना अंकुर फुटतात, त्यांच्यात चयापचय चालतो, म्हणून ते सजीव होत, असा त्यांचा दावा होता. १९६७ मध्ये नासाच्या आढाव्याने मात्र या कणांचे स्वरूप अजून स्पष्ट व्हायचे आहे, असा सावध अभिप्राय दिला. दावा मान्य झाला नाही.

का बरे? वाढणे एवढीच कसोटी धरली, तर पाकात खडीसाखरेचा खडाही वाढतो! जीवाला वारसा लागतो. आपल्या घडणीचा मजकूर पुढच्या पिढीला द्यावा लागतो, आणि तो उतरवताना अधूनमधून फरकही पडावा लागतो. त्याखेरीज उत्क्रांती नाही.

२००८ मध्ये जॅक शोस्ताक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत साध्या मेदाम्लांच्या सूक्ष्म पिशव्या केल्या. जनुकीय साखळीचे सुटे घटक बाहेरून भिंतीतून आत गेले आणि आतल्या साच्यावर नवी साखळी जुळली. साचा मात्र आतच राहिला. भिंत अशी हवी, की आपले जपावे आणि बाहेरचे हवे तेवढे आत घ्यावे. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तरीही निर्जीव रसायनांतून पिढ्यान्पिढ्या स्वबळावर चालणारी पेशी अद्याप कुणी घडवलेली नाही. अलाहाबादच्या उन्हात ठेवलेल्या त्या काचपात्रातला प्रश्न आजही खुला आहे.