पोतारा आणि फवारा

दिवाळी जवळ आली की गोंदियाकडच्या खेड्यांत भिंतींना पोतारा देण्याची एकच घाई उडते. माती कालवायची, शेणाने ओटा सारवायचा; घर कसे लख्ख दिसले पाहिजे! या निर्मळ हौसेने एके काळी दिल्ली-जिनिव्हाच्या शहाण्यांच्या मसलतीवर पाणी फिरवले, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल.

हा मुलूख तळ्यांचा. कोहळ्यांनी बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या, भोवती धानाच्या बांध्या आणि पलीकडे सालेकसा-देवरीचे जंगल. पाणी आहे म्हणून धान आहे, आणि पाणी आहे म्हणून डासही आहेत. हिवताप इकडे पाहुणा नव्हे, घरचाच. १९४७ च्या सुमारास देशात दरसाल साडेसात कोटी लोक या तापाने अंथरूण धरीत आणि आठ लाख दगावत, असा त्या वेळचा अंदाज होता.

१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते आणि भंडारा मध्य प्रदेशात. कार्यक्रम आपला, पण हात अनेकांचे लागले. अमेरिकेने डीडीटी, पंप आणि मोटारी दिल्या. जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ धाडले. युनिसेफने दिल्लीतील डीडीटीच्या कारखान्याला यंत्रे दिली. तो १९५५ मध्ये चालू झाला. लग्नघरी मामाने शालू आणावा, आत्याने भांडी द्यावीत, तसाच हा प्रकार. रांधायचे आणि वाढायचे मात्र घरच्यांनीच! पाठीवर पंप घेऊन चिखल तुडवणाऱ्या माणसाचा पगार सरकारी तिजोरीतूनच निघे.

फवारा भिंतीवर मारायचा, कारण रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर टेकतो. आरंभी ढेकूणही मरत, म्हणून घरोघर स्वागत झाले. पुढे ढेकूण त्या औषधाला सरावले आणि लोकांचा उत्साह ओसरला. त्यातच सणाचा पोतारा! नव्या मातीखाली औषध गाडले जाई आणि डास निर्धास्त बसे. यात गृहिणीचा दोष तो काय? मातीच्या भिंतीला दरसाल हात द्यावाच लागतो. बेत आखणाऱ्यांनीच आधी भिंत पाहावयास हवी होती.

हिवताप नियंत्रणात न ठेवता समूळ उखडावा, असे १९५५ मध्ये जगाने ठरवले. भारताने १९५८ मध्ये तेच व्रत घेतले. आता सेवक पंधरवड्याने दारी येई, तापकऱ्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेई, गोळ्या देई आणि भिंतीवर तारीख टाकी. १९६५ मध्ये देशातील रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. मृत्यूची नोंद एकही नव्हती.

आणि मग सारे सैलावले. डीडीटी वेळेवर मिळेना, डासही त्याला दाद देईनासे झाले. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच उच्चाटनाचा हट्ट सोडला. मला वाटते, यशात वाटेकरी पुष्कळ असले की पाळत ठेवणे कुणा एकाचे काम उरत नाही. १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले.

१९७७ मध्ये नवी योजना आली. तिची प्रतिज्ञा जरा नम्र होती. १९९७ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या आदिवासी भागांसाठी नवा प्रकल्प निघाला. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा तो चालूच होता. या खेपेस औषध लावलेल्या मच्छरदाण्याही होत्या. त्यांचे पोताऱ्याशी वैर नव्हते. मात्र त्या धुतल्या की औषध उतरे आणि पुन्हा बुडवाव्या लागत. आणि दिवाळीला घरातले झाडून सारे कापड धुण्याला काढायचे, ही तर आपली रीतच!